बंदरं चार, गुडघे दोन

पत्र:

ताई, मी सांगलीची, वय ६४. ऑक्टोबरात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. जावयांनी तिथल्या बेयोनहून निघणाऱ्या दहा दिवसांच्या क्रूझचं बुकिंग केलंय. पूर्व कॅनडातली चार बंदरं आहेत: सेंट जॉन, हॅलिफॅक्स, सिडनी आणि शार्लटटाउन. ह्यांनी प्रत्येक ठिकाणी दिवसभराची बसची टूर धरली आहे. सिडनीला तर अख्खा 'कॅबट ट्रेल' करायचा म्हणतात. मी म्हटलं, गावातच फिरू की जरा. तर म्हणाले, "गावातच हिंडायचं तर आपली गणपती पेठ काय वाईट?" माझा उजवा गुडघा दुखतो. बसमध्ये आठ-आठ तास बसवत नाही. पण लहान गावात बघायला खरंच काही असतं का? आणि आम्ही शाकाहारी. कसं करावं?
एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात गुडघा आहे, बस आहे, गणपती पेठ आहे. कॅनडाचा व्हिसा मात्र कुठेच नाही. म्हणून आधी तेच विचारते, काढलात का? राहायचं बोटीवर, खायचं बोटीवर, मग कॅनडाचा व्हिसा कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण भारतीय पासपोर्टवर तो लागतोच. लेक-जावयांकडे ग्रीन कार्ड असेल तर त्यांना लागत नाही, त्यामुळे त्यांच्या डोक्यात हा मुद्दाच येत नाही. फसगत होते ती इथेच. व्हिसा नसेल तर बेयोनच्या धक्क्यावरूनच तुम्हाला मागे फिरवतील. सांगलीत असतानाच अर्ज करा, त्याला आठवडे लागतात. अमेरिकेचा व्हिसाही पुन्हा पुन्हा आत येता येईल असाच आहे ना, ते पासपोर्ट उघडून बघा. प्रवासाचा विमा काढाल त्यात कॅनडा आणि बोट दोन्ही हवेत. एवढं झालं की मग भांडायला मोकळे.

आता भांडणाकडे येऊ. कॅबट ट्रेल सुंदरच आहे, त्यात यजमानांचं काही चुकत नाही. चूक आहे ती हिशेबात. तो रस्ता २९८ किलोमीटरचा, केप ब्रेटन बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालून येणारा. सिडनीच्या धक्क्यापासून त्या रस्त्याला लागायलाच तासभर जातो, यायला तेवढाच. म्हणजे जवळजवळ सांगली-पुणे-सांगली, तेही घाटवळणांतून आणि बोट सुटायच्या आत. बोट धक्क्याला आठ-नऊ तास असते. त्यातला उतरायचा आणि चढायचा वेळ वजा करा. त्यामुळे या नावाने जी टूर विकतात ती त्या रस्त्याचा एक तुकडा दाखवते आणि बाकी दिवस खिडकीतून जातो. ती टूर रद्द करा. किती दिवस आधी रद्द केली तर पैसे परत मिळतात ते तिकिटावर असतं, ते आजच बघून ठेवा.

त्याऐवजी यजमानांना लुईबर्गचं गाजर दाखवा. सिडनीपासून साधारण ३५ किलोमीटर, म्हणजे बसने पाऊण तास. फ्रेंचांनी १७१३ मध्ये वसवलेलं तटबंदीचं गाव. १७४५ मध्ये ते इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांनी घेतलं, १७४८ च्या तहात फ्रेंचांना परत मिळालं. आणि त्याच्या बदल्यात इंग्रजांना काय मिळालं माहीत आहे? मद्रास. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास जिंकलं होतं, ते या थंडगार, धुक्यातल्या किल्ल्याच्या बदल्यात सोडलं. "गणपती पेठ काय वाईट" म्हणणाऱ्या माणसाला ही गोष्ट जेवताना सहज सांगा, पुढची टूर ते स्वतःच बदलतील.

लुईबर्गची पुढची हकिगत मला जास्त आवडते. १७५८ मध्ये इंग्रजांनी किल्ला पुन्हा घेतला आणि नंतर सुरुंग लावून पाडून टाकला. दोनशे वर्षं तिथे गवत वाढत होतं. मग केप ब्रेटनच्या कोळसा खाणी बंद पडू लागल्या, खाणकामगार घरी बसले, तेव्हा १९६१ पासून कॅनडा सरकारने हा किल्ला पुन्हा बांधायला घेतला आणि त्या कामगारांनाच दगडकाम-सुतारकाम शिकवून कामाला लावलं. आज दिसतो तो जुन्या गावाचा सुमारे चौथा हिस्सा. घरांत त्या काळच्या कपड्यांतली माणसं पाव भाजत असतात, सैनिक बंदुकीचे बार काढतात. ऑक्टोबरचा मध्य उलटला की मात्र हे सगळं आवरतं घेतात, म्हणून तुमची बोट नेमकी कोणत्या तारखेला तिथे लागते ते बघा. आणि आत फरसबंदी खडबडीत आहे, काठी घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, लहान गावात काय बघायचं?

सिडनीचंच सांगते. वस्ती तीसेक हजार. धक्क्यावर उतरलात की समोर पाच-सहा मजली इमारतीएवढं, सुमारे ६० फूट उंच व्हायोलिन उभं दिसेल. या बेटावर स्कॉटलंडहून आलेल्यांनी आपली फिडल जपली, त्याची ती खूण. बोटीतले तीन हजार लोक तिथेच फोटो काढतात, तिथल्याच दुकानांतून चुंबकाची चित्रं घेतात, आणि बसमध्ये चढतात. तुम्ही तसं करू नका. दहापर्यंत बोटीवर निवांत नाश्ता करा, गर्दी ओसरू द्या, मग उतरा. डावी-उजवीकडचं धक्क्यावरच्या माणसाला विचारून नॉर्थ एंडकडे चालू लागा. थोडक्याच अंतरावर लाकडी घरांची जुनी वस्ती लागते. त्यात कॉसिट हाउस म्हणून १७८७ चं घर आहे, एका पाद्र्याचं. दार एवढं बुटकं की तुमचे यजमान उंच असतील तर कपाळ सांभाळावं लागेल. आत स्वयंपाकघरात भिंतभर चूल, वर टांगलेली लोखंडी भांडी. मी गेले तेव्हा तिथल्या बाईंनी मला चुलीच्या बाजूचा भिंतीतला पोकळ कोनाडा दाखवला, पाव भाजायचा. आत हात घालून बघ म्हणाल्या. घातला, तर दगड गार. म्हणाल्या, पूर्वीच्या बायका असाच हात आत धरून किती आकडे मोजता येतात त्यावरून ताव ठरवायच्या. आपली आजी तवा तापलाय का ते पाण्याचा शिंतोडा मारून बघायची, तसंच हे. हे बसच्या खिडकीतून दिसत नाही.

परतताना शार्लट स्ट्रीटवर कुठेही चहा घ्या. काउंटरवर आपल्याकडचं पोर भेटायची दाट शक्यता आहे, कारण केप ब्रेटन विद्यापीठात गेल्या काही वर्षांत भारतातून खूप विद्यार्थी आले. मला भेटलेला मुलगा नांदेडचा निघाला. मी मराठीत "साखर कमी" म्हटल्यावर त्याच्या हातातला कप हिंदकळला. पहिल्या हिवाळ्यात काय हाल झाले ते त्याने मला दहा मिनिटं उभ्याने सांगितलं, मागे रांग लागली तरी.

आणि यजमानांना अगदीच साहस करायचं असेल तर त्यांना एकट्याला ग्लेस बेला पाठवा. वीसेक किलोमीटरवर खाणकामगारांचं संग्रहालय आहे, निवृत्त खाणकामगार स्वतः जमिनीखाली घेऊन जातात. छत बसकं आहे, बराच वेळ वाकून चालावं लागतं. तुम्ही जाऊ नका. दोघांनी एक दिवस वेगवेगळं फिरलं तर बिघडत काही नाही. रात्री जेवताना बोलायला विषय मिळतो. चाळीस वर्षांच्या संसारात तो मिळणं सोपं नसतं.

सेंट जॉन. आधी नाव नीट वाचा. न्यूफाउंडलंडमध्ये सेंट जॉन्स म्हणून वेगळंच शहर आहे. तुमचं 'स'विना. हे फंडीच्या उपसागरावर आहे आणि इथली भरती-ओहोटी हीच इथली मोठी गोष्ट. पावसाळ्यात मुंबईला साडेचार मीटरची भरती येणार म्हटलं की आपल्याकडे वर्तमानपत्रांत मथळे येतात. इथे दिवसातून दोनदा पाणी आठ मीटरच्या आसपास वर-खाली होतं, आणि कुणी मानही वर करत नाही. सहा-सव्वासहा तासांत दोन मजली घर बुडावं किंवा उघडं पडावं असा प्रकार. गावात सेंट जॉन नदी समुद्राला मिळते त्या अरुंद घळीत ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडे उसळत जातं आणि भरती चढली की समुद्र नदीला मागे ढकलतो, म्हणून त्याला 'रिव्हर्सिंग फॉल्स' म्हणतात. नाव ऐकून जोगचा धबधबा डोळ्यांपुढे आणू नका. एकदाच जाऊन पाच मिनिटं बघणारे "हे काय, नुसते भोवरे" म्हणत परत येतात. ते दोनदा बघायचं असतं, ओहोटीला एकदा आणि भरतीला एकदा. दोनदा जाणं जमणार नसेल तर जाऊच नका. त्यापेक्षा धक्क्याजवळच एक खांब हेरा. सकाळी पाणी कुठवर होतं ते बघून ठेवा, दुपारी परत बघा.

तुमच्या गुडघ्याला या भरतीचा थेट त्रास आहे. बोट पाण्याबरोबर वर-खाली होते, त्यामुळे उतरायच्या जिन्याचा, म्हणजे गँगवेचा, उतार दिवसभर बदलत राहतो. सकाळी सपाट वाटलेला संध्याकाळी उभा होतो. घाई करू नका, कठडा धरा, गरज असेल तर तिथल्या माणसाला हाक मारा, ते हात देतात. दुसरं, बंदरापासून वर जाणारा किंग स्ट्रीट चांगलाच चढाचा आहे. तो चढू नका. मार्केट स्क्वेअरमधून आतल्या आत, इमारती जोडणाऱ्या बंदिस्त पुलांवरून सिटी मार्केटपर्यंत जाता येतं, वाटेत लिफ्ट आहेत. कुणालाही 'पेडवे' कुठे विचारा.

आणि सिटी मार्केटला जाच. १८७६ चं. पुढच्याच वर्षी गावाला मोठी आग लागून बराचसा भाग जळाला, पण हे वाचलं. आत शिरल्यावर वर बघा, छताची लाकडं उलट्या केलेल्या जहाजाच्या सांगाड्यासारखी आहेत. जहाजं बांधणारं गाव, दुसरं काय सुचणार! तिथे 'डल्स' विकतात, ग्रँड मनान बेटावरचं वाळवलेलं लालसर-जांभळं समुद्री शेवाळ. चिप्ससारखं चघळतात. शाकाहारी आहे, पण वास आपल्या सुक्या मासळीच्या बाजाराचा. मी धीर करून एक तुकडा तोंडात टाकला आणि पुढचा अर्धा तास पाणी पीत होते. यजमानांना द्या.

शार्लटटाउन तुम्हाला सगळ्यात आवडेल असा माझा अंदाज. सपाट आहे, धक्क्यापासून दहा-पंधरा मिनिटांत गावात पोचता, बसायला बाकं जागोजाग. कॅनडा या देशाची बोलणी पहिल्यांदा इथे झाली, सप्टेंबर १८६४ मध्ये. आणि झाली कशी, तर त्याच वेळी गावात सर्कस आली होती. वर्षानुवर्षांत आलेली पहिली सर्कस, सगळं गाव तिकडे, हॉटेलं भरलेली. तेव्हा कॅनडा हा एक वेगळा प्रांत होता, तिथले पुढारी बोटीने आले तर धक्क्यावर स्वागताला कुणी नाही. शेवटी विल्यम पोप नावाचे इथले मंत्री एका छोट्या होडीतून त्यांना आणायला गेले. पुढे १८६७ मध्ये देश झाला, पण शार्लटटाउन ज्यावर आहे ते प्रिन्स एडवर्ड बेट स्वतः त्यात सामील झालं ते १८७३ मध्ये. लग्न जमवणाऱ्यानेच अक्षता टाकायला उशिरा यावं तसं. ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर हळूहळू चाला, 'व्हिक्टोरिया रो' या गल्लीत बसा, वाटलं तर बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, डोकावा.

इथे बसची टूर घ्यायची तर कॅव्हेंडिशची घ्या, चाळीसेक किलोमीटर. ल्यूसी मॉड माँटगोमेरीच्या १९०८ च्या कादंबरीतल्या लाल केसांच्या अ‍ॅनचं म्हणून ओळखलं जाणारं हिरव्या त्रिकोणी छपरांचं घर तिथे आहे. कादंबरी वाचली नसेल तर घर हे नुसतं घर वाटेल, हे आधीच सांगते. पण वाटेतली माती बघण्यासारखी आहे. कोकणातल्या जांभ्यासारखी लालभडक, आणि कारणही तेच, मातीतलं लोखंड गंजलेलं. त्या लाल मातीत बटाटे. ऑक्टोबरात काढणी चालू असते.

हॅलिफॅक्स लहान नाही, म्हणून थोडक्यात. बोट लागते त्याच्या शेजारीच पिअर २१ आहे. १९२८ ते १९७१ या काळात जवळजवळ १० लाख माणसं या दारातून कॅनडात आली, आता तिथे संग्रहालय आहे. लिफ्ट, बाकं, सगळं आहे. तिथून समुद्राकाठची लाकडी वाट सुरू होते, जमेल तेवढी चाला. पेगीज कोव्हचं दीपगृह फोटोत छान दिसतं, पण ज्या दिवशी बोटी लागतात त्या दिवशी तिथे जत्रा असते. गेलात तर ओल्या, काळ्या खडकांवर पाय ठेवू नका. लाटा तिथून माणसं ओढून नेतात, पाट्या उगाच लावलेल्या नाहीत.

जावयांनी "सगळं रान लाल दिसेल" असं सांगितलं असणार. अर्धं खरं आहे. समुद्राकाठी स्प्रूसची झाडं जास्त, ती बारमाही हिरवी. लाल होतात ती मेपल, आणि ती आतल्या टेकड्यांवर. केप ब्रेटनला साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रंग भरात असतो. थंडी पडली, दिवस लहान झाला की पानातलं हिरवं द्रव्य मोडतं, खालचा पिवळा उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो, त्याला स्वच्छ ऊन आणि गार रात्री लागतात. आपल्याकडे कुसुंबाची पालवी चैत्राच्या आसपास लाल येते आणि मग हिरवी होते. इथे उलट. लुईबर्गच्या वाटेवर बसमध्ये खिडकीकडची जागा तुम्ही घ्या.

आता एक माझीच फजिती. कॅनडाचा हा भाग न्यूयॉर्कच्या एक तास पुढे. काही बोटी आपलं घड्याळ पुढे करतात, काही करत नाहीत. माझी बोट करणारी होती. रात्री खोलीत चिठ्ठी आली होती, ती मी वाचली नाही. शार्लटटाउनला सव्वाचार वाजलेत अशा समजुतीने मी आइस्क्रीम चाटत बसले होते, तेव्हा बोटीवर सव्वापाच झाले होते आणि साडेपाचला सगळ्यांनी आत असायचं होतं. धावले. या वयात, साडीत. बोटीने काढलेल्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते, आपण आपले हिंडत असू तर थांबत नाही, हे तेव्हा नीट समजलं. म्हणून उतरताना दारावरचं घड्याळ बघून मनगटावरचं लावा. फोनच्या घड्याळावर जाऊ नका, ते गावाच्या टॉवरचं ऐकतं. लांबची टूर बोटीचीच घ्या, पायी फिरणं स्वतःचं, हा हिशेबही त्यातूनच निघतो.

एखादं बंदर हुकेल, त्याचीही तयारी ठेवा. या दिवसांत दक्षिणेकडच्या चक्रीवादळांची शेपटं इथवर येतात. २०२२ च्या २४ सप्टेंबरला फिओना वादळ नोव्हा स्कॉशियावर, म्हणजे हॅलिफॅक्स आणि सिडनी ज्यात येतात त्या प्रांतावर, आदळलं होतं. वारा जास्त असेल तर कप्तान बंदर सोडून देतो. त्याच्याशी वाद घालू नये. तसंच ऑक्टोबरचा दुसरा सोमवार तिथे थँक्सगिव्हिंगचा, दुकानं बंद असतात.

कपड्यांचं सोपं आहे. दिवसा दहा-बारा अंश, वर वारा आणि मधूनच पाऊस. एक जाड कोट नेण्यापेक्षा दोन स्वेटर आणि वर पाणी न शिरणारं जॅकेट. छत्री उलटी होते, नेऊ नका. बूट जुने, पायाला सवय असलेले.

जेवणाचं. पहिल्याच संध्याकाळी डायनिंग हॉलच्या मुख्य वाढप्याला गाठा आणि शाकाहारी आहोत, अंडं चालतं की नाही, ते स्पष्ट सांगा. बहुतेक बोटींवर आदल्या रात्री सांगितलं की डाळ-भाजी मिळते. छातीवरच्या बिल्ल्यावर फर्नांडिस, डिसोझा दिसलं तर कुठल्या गावचे विचारा. गोव्याची पुष्कळ माणसं क्रूझवर नोकरी करतात, आणि मराठी ऐकलं की ताटात एक वाटी आपोआप वाढते. गावात मात्र जपून. 'चाउडर' पांढरं, साजूक दिसतं, पण त्यात मासे-शिंपल्या असतात. 'पुटीन' म्हणजे बटाट्याच्या काड्यांवर चीज, पण वरचा रस्सा बहुधा मांसाचा. ओटकेक नावाची जाडसर, खारट-गोड बिस्किटं केप ब्रेटनला छान मिळतात, फक्त लोणी घातलंय की चरबी ते विचारा. बिलात १४-१५ टक्के कर वर लागतो, पाटीवरच्या किमतीत तो धरलेला नसतो. आणि बोटीवरचं सफरचंद पर्समध्ये टाकून खाली उतरू नका. फळं उतरवायला मनाई असते, हटकतात.

तेव्हा यजमानांशी तह असा करा: सिडनीला लुईबर्ग त्यांचं, शार्लटटाउन तुमचं, सेंट जॉनला दोघं मिळून बाजार, हॅलिफॅक्सला ज्याच्या पायात जोर असेल त्याचं. आणि त्या व्हायोलिनखाली फोटो सकाळी उतरताना काढू नका, रांग असते. दुपारी परत येताना काढा, कुणी नसतं.